बैलाच्या पोटातलं विरजण

घरी कोणी पाहुणे जेवायला बसले की माझा नवरा त्यांना आधीच सावध करतो. "हिच्या शेजारी बसू नका. तुम्ही घास गिळलात की पुढे त्याचं काय होतं ते ही सांगत बसेल." पाहुणे हसतात, मीही हसते, आणि वरणभात कालवता कालवता सांगायला लागतेच. सासूबाईंनी तर हात टेकलेत. त्या ताट उचलून पडवीत जाऊन बसतात.

मी जनावरांची डॉक्टर. आमच्याकडे साध्या भाषेत ढोरांची डॉक्टरीण. माझा जन्म केळशीकडचा, समुद्राकाठचा. घरात गाय नव्हती, होती ती मासळी, आणि माशाच्या पोटात बघण्यासारखं फारसं काही नसतं. त्यामुळे कॉलेजात पहिल्यांदा गाईचं पोट उघडून दाखवलं तेव्हा वर्गातल्या निम्म्यांनी नाकाला रुमाल लावले आणि मी पुढे सरकले. केवढा तो पसारा! डावी बाजू जवळपास सगळी एकट्या पहिल्या पोटाने व्यापलेली. त्याला लागून दुसरं, आतून मधाच्या पोळ्यासारखी जाळी असलेलं. मग तिसरं, त्यात पोथीची असावीत तशी पानंच पानं. आणि शेवटी चौथं, जे आपल्या पोटासारखं साधंसुधं. एवढ्या चार खोल्यांचं घर कशासाठी, तर गवतासाठी. त्या दिवसापासून माझं डोकं फिरलं ते फिरलंच.

एकदा नाद लागला की प्रत्येक प्राण्याकडे आतून बघायची सवय लागते. घोड्याला ओकता येत नाही, म्हणून तो पोटदुखीने हकनाक मरतो. कोंबडीला दात नाहीत, म्हणून ती खडे टिपते आणि कलेजीबरोबर आपल्याला मिळतो त्या पेट्यात त्यांचं जातं फिरवते. कुत्र्याचं आतडं आखूड, काम झटपट. पण गाईची तऱ्हाच वेगळी. आपण म्हणतो गाय गवत खाते. खरं तर गाय गवत नुसतं साठवते. ते खातात तिच्या पहिल्या पोटात राहणारे, डोळ्यांना न दिसणारे जीव. ती त्यांना पोसते आणि ते तिला पोसतात. त्यांचं बिनसलं की गाय भरल्या पोटी उपाशी मरते. हे मी पाहुण्यांना सांगते तेव्हा कोणी ना कोणी विषय बदलून पावसाकडे जातो.

सावर्ड्याहून आत वळल्यावर, चढण संपते तिथे एक वाडी आहे. मी तिथे लसीकरणाला जायला लागले तेव्हा दारोदार गुरं होती. मग हळूहळू पॉवर टिलर आला, पिशवीचं दूध आलं, शेण काढायला घरात माणूस उरलं नाही. एकेक गोठा रिकामा होत गेला. कुठे त्याचा मांडव झाला, कुठे मुंबईकरांची गाडी उभी करायची जागा. शेवटी अख्ख्या वाडीत एकच गाय राहिली, काकीची तांबडी.

काकी म्हणजे कोणाची काकी ते मला आजही नीट ठाऊक नाही. सगळी वाडी तिला काकी म्हणते, म्हणून मीही म्हणते. नवरा जाऊन फार काळ झाला नव्हता. एकुलता मुलगा मुंबईला, पलीकडे विरारला राहतो. माणूस वाईट नाही. आईने एकटं राहू नये एवढंच त्याचं म्हणणं. तिने तांबडीचं कारण पुढे केलं, तेव्हा दोघांत ठरलं: गाय आहे तोवर आई इथे, गाय गेली की आई विरारला. त्यानंतर दर फोनला त्याचा पहिला प्रश्न एकच, "गाय इकलीस काय?" जेवलीस का ते नंतर.

काकीने मला हे हसत हसत सांगितलं होतं आणि वर म्हणाली होती, "तिकडं चौथ्या माळ्यावर घर हाय गो बाय. खाली बगितलं की माजा जीव घाबरतो. मना तितं न्यायचं म्हंजे जिती पुरायचं." त्यामुळे तांबडीला साधा ताप आला तरी मी धावत जायची. नेम म्हणा, लोभ म्हणा.

वाडीतल्या गाई गेल्या, पण गाईची कामं कुठे गेली नव्हती. अंगण सारवायला शेण हवं, काकीकडे. पूजेला गोमूत्र हवं, काकीकडे. नवी गाडी घेतली, ओवाळून झालं की गाईला घास हवा, तोही काकीकडे. तांबडी एकटी सगळ्या वाडीचं पुण्य सांभाळत होती, आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

त्या वर्षी सर्वपित्री अमावास्या नेमकी रविवारी आली. आमच्याकडे पितृपक्षातल्या श्राद्धाला म्हाळ म्हणतात. खरं तर ज्याची त्याची तिथी वेगळी, पण चाकरमान्यांच्या रजा गणपतीत संपलेल्या असतात. तेव्हा बहुतेक घरांनी ठरवलं, रविवार आहे, एका दिवसात येऊन जाऊ, म्हाळ सर्वपित्रीलाच उरकून टाकू. सकाळपासून घरोघरी चुली पेटल्या. भात, वरण, तांदळाची खीर, वडे, भोपळ्याची भाजी. पितरांचं पान, कावळ्याचं पान आणि गाईचं पान.

कावळे वाडीला पुष्कळ आहेत. गाय एकच होती.

पुढचं मी पाहिलेलं नाही, पण इतक्या जणांनी इतक्यांदा सांगितलंय की पाहिल्यासारखंच आहे. दुपारी एकेक जण केळीच्या पानावर वाढलेलं घेऊन काकीच्या गोठ्याशी आला. गाईने तोंड लावल्याशिवाय जायचं नाही, ही रीत. तांबडी काय, जन्मभर पेंढा चावलेली. पहिलं पान तिने केळीच्या पानासकट साफ केलं. दुसरंही. लोक खूश. "आमच्या बाबांना पावलं हो," म्हणत हात जोडून जात होते. शेवटी शेवटी आलेल्यांनी तर तिला भूक नाही असं वाटून गूळ लावून वडे भरवले.

सोमवारी सकाळी मला फोन आला. फोन वाडीच्या मंडळाच्या सेक्रेटरींचा होता. हे गृहस्थ दर कामात असतात, गणपतीची वर्गणी असो की विजेचा खांब. "म्याडम, काकीची गाय बसलीय. उठत नाय. आमच्या मते दृष्ट लागलीय."

मी पोचले तेव्हा घटस्थापनेचा मुहूर्त टळून गेला होता. काकीच्या देवघरात परडी, माती, धान्य सगळं मांडून ठेवलेलं, आणि ती गोठ्यात तांबडीच्या तोंडाशी बसलेली. तांबडीचे डोळे खोल गेले होते. दात करकर वाजवत होती. मागे पातळ, आंबूस शेण आणि त्यात भाताची अख्खी शितं. दृष्ट कसली, दृष्टीला स्पष्ट दिसत होतं.

तिच्या डाव्या भकाळीत, म्हणजे बरगड्यांच्या मागच्या खळग्यात, मी मूठ दाबली. एरवी तिथे पेंढ्याची उशी लागते हाताला. आता आत पाणी डचमळलं. स्टेथोस्कोप कानाला लावला. धडधाकट गाईचं पहिलं पोट सतत घुसळत असतं, लांबून समुद्राची गाज यावी तसा आवाज येतो. मला तो आवाज घरचा वाटतो. त्या सकाळी आत काहीच नव्हतं.

मी उठून वळले. गोठ्याच्या दाराशी निम्मी वाडी जमलेली.

"हिला काल कोणी काय घातलं?"

"मी एकच पान दिलं," एक बाई म्हणाली.

"आमीपन एकच दिलंव."

"आमच्या घरचं तर अर्धंच व्हतं, म्याडम. खीर संपलीवती."

सगळे खरंच बोलत होते. कोणीही एकापेक्षा जास्त पान दिलं नव्हतं. माझा पारा असा चढला की काय बोलले ते मला नीट आठवत नाही. नंतर सेक्रेटरींनी सांगितलं की मी म्हणाले, "तुमच्या सगळ्यांच्या पितरांना एका गाईच्या पोटात बसवलंत तर ते तिथे भांडणार नाहीत तर काय करतील?" असेन म्हणाले. शिजलेला भात पोटात गेला की तो भसाभस आंबतो, आंबटपणा इतका वाढतो की गवत खाणारे जीव त्यात मरतात. हे सगळं मी ओरडूनच समजावलं असणार.

 मी काकीकडे बघितलं, तशी ती म्हणाली, "मी नाय कसं म्हनू गो? लोकांचं पित्र. दारावरनं परत पाटवू?" मग जरा थांबून, "मना ठावं व्हतं जास्ती झालं ता. पन ती खात व्हती. किती आवडीनं खात व्हती, बाय."

माझा राग तिथेच ओसरला.

सलाईन लावलं. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून नळीने पोटात सोडला. त्याआधी नळीनेच आतलं जेवढं बाहेर येईल तेवढं काढलं, आणि तो वास आला तेव्हा दाराशी जमलेली वाडी अंगणापर्यंत मागे सरली. काकी जागची हलली नाही. एका हाताने तांबडीचं शिंग धरून बसली होती.

मला दुसरीकडेही जायचं होतं. एक म्हैस अडली होती. तिथून दुपार कलताना परत आले तर तांबडी उभी होती. लोकांना वाटलं संपलं, बरी झाली. सेक्रेटरींनी तर चहा मागवला. पण ती उभी होती नुसती. समोर पेंढा टाकलेला, त्याला तोंड लावत नव्हती, आणि रवंथ नव्हता. पुन्हा स्टेथोस्कोप लावला. आत तीच शांतता. आंबटपणा धुऊन निघाला होता, पण घरात राहणारं कोणी उरलं नव्हतं.

"काय व्हईल?" काकीने विचारलं.

मला खोटं बोलता येत नाही. "असंच राहिलं तर दोन-चार दिवसांत जाईल," मी म्हणाले.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. मुलगा. त्याला कोणीतरी कळवलं होतं. काकीच्या फोनचा स्पीकर कायम चालू असतो, कारण तिला तो बंद करता येत नाही. "आई, मी शनिवारी गाडी घेऊन येतो. तोवर तू कपडे तेवढे भरून ठेव. आता काय अडचण हाय?"  काकीने ज्या हाताने गाईचं शिंग धरलं होतं तो हात तेवढा घट्ट झालेला मला दिसला. मला त्या न पाहिलेल्या मुलाचा संताप आला आणि दयाही आली, दोन्ही एकदम.

एक उपाय होता. धडधाकट जनावराच्या पोटातलं पाणी काढून हिच्या पोटात घालायचं. त्यातले जीव इथे वस्ती करतात आणि पोट पुन्हा चालू होतं. मी सांगितलं, "चांगल्या गुरातले जंतू हिला द्यायचे." तर एकच गलका झाला. जंतू घालणार? आजारी गाईला? सेक्रेटरींचा चहाचा कप अर्ध्यात थांबला.

तेव्हा मला सुचलं. मी म्हणाले, "विरजण समजा. दूध नुसतं ठेवून दही होतं का? हिच्या पोटातलं विरजण मेलंय. शेजारून थोडं मागून आणायचं आणि लावायचं."

सगळ्यांच्या माना एकदम हलल्या. एवढंच ना! मग आधी का नाही सांगितलंत? मी स्वतःवर भलतीच खूश झाले.

पण विरजण मागायचं कोणाकडे? वाडीत दुसरं ढोर नाही. खिंडीपलीकडच्या वाडीत एक म्हातारबाबा अजून बैलांनी नांगरतात, असं सेक्रेटरींनी सांगितलं. निघालो. ते पाणी कोमट राहायला हवं, म्हणून त्यांनी मंडळाचा चहाचा मोठा थर्मास बरोबर घेतला. गणपतीत भजनी मंडळींना चहा देतात तो. "नंतर घासून घेऊ," ते म्हणाले, आणि मी मनातल्या मनात त्यांच्याकडे पुन्हा चहा न पिण्याचं ठरवलं.

खिंडीतला रस्ता पावसाने धुऊन गेलेला. गाडी खाली ठेवून चालत गेलो. म्हातारबाबांच्या दारात पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. तुळशीपुढे पणती, गोठ्यात दोन काळे बैल. एवढे तुकतुकीत बैल मी कित्येक दिवसांत पाहिले नव्हते. त्यांच्या जबड्यांची सावकाश हालचाल बघून मला नुसतं भरून आलं. बाबांना काकीची गोष्ट सांगितली. ते लगेच उठले, दावं सोडायला हात घातला.

पण सेक्रेटरींच्या तोंडाला कुठे लगाम होता? आत स्वयंपाकघराच्या दाराशी आजीबाई उभ्या होत्या, त्यांना ते समजावून सांगू लागले. "काय नाय हो आजी, नुसतं विरजण न्यायचं हाय."

"विरजण?" आजी बाहेर आल्या. "आता? दिवा लागल्यावर?"

"म्हंजे तसं नाय, बैलाच्या पोटातलं."

"ता कुटलं का असेना. दिवा लागल्यावर या घरातनं विरजण जात नाय. माज्या सासूनं कंदी दिलं नाय, मी दिलं नाय. उद्या सकाळी या."

माझी उपमा माझ्याच अंगावर आली होती. मी घाईघाईने सुधारायला गेले. आजी, हे दही नाही, हे सूक्ष्म जीव आहेत, पचनाला मदत करणारे. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ताच विरजण." त्यात चूक काढायला जागा नव्हती. बाबा दावं हातात धरून तसेच उभे. त्या घरात शब्द कोणाचा चालतो ते दिसतच होतं.

मी पायरीवर बसले. खरंच दमले होते. म्हटलं, "आजी, उद्या सकाळपर्यंत गाय कशी असेल मला सांगता येत नाही. आणि गाय गेली तर काकीलाही इथून जावं लागेल. तिला जायचं नाही."

आजी माझ्याकडे बघत राहिल्या. "विरारला?"

त्यांना ठाऊक होतं. खिंडीच्या अलीकडे-पलीकडे सगळ्यांना सगळं ठाऊक असतं.

त्या आत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक लाल सुकी मिरची होती. "फारच नड असली तर माजी सासू विरजणात मिरची टाकून द्यायची. म्हंजे आपलं दूधदुभतं घरातच ऱ्हातं." आणि त्यांनी मला विचारलं, "मिरचीनं तुज्या त्या जिवांचं काय बिगडल काय?"

"एका मिरचीने काही होत नाही, आजी," मी म्हणाले. पुस्तकात याबद्दल काही लिहिलेलं नाही, पण मला तसं वाटलं.

बैलाचं तोंड उघडं राहायला आडवं लाकूड घालून नळी सरकवली, पंपाने ओढलं. हिरवट तपकिरी पाणी आलं. ओल्या गवताचा, मातीचा, जिवंत वास. आजींनीच जुन्या लुगड्याचा तुकडा धरला, त्यातून गाळून थर्मास भरला, आणि वर त्यांच्या हाताने ती मिरची पडली. झाकण लावताना त्या म्हणाल्या, "काकीला सांग, परत करू नको. विरजण परत करीत नायत."

खिंड उतरताना सेक्रेटरींनी थर्मास एखादं तान्हं पोर न्यावं तसा छातीशी धरला होता आणि पायाखालचा एकेक दगड मला आधी सांगत होते. काकी दारातच होती. मिरची बाहेर काढून पाणी नळीने तांबडीच्या पोटात सोडलं. काकीला मिरचीची गोष्ट सांगितली, तर तिने ती पदराच्या टोकाला बांधून ठेवली.

सकाळी लवकर गेले. वाटेत मी देवाला काय काय कबूल केलं ते इथे सांगत नाही, माझं मलाच नंतर हसू आलं. अंगणात वाडी बसलेली. बायका, पुरुष, सगळे गोठ्याकडे तोंड करून, क्रिकेटची मॅच लागावी तसे.  सेक्रेटरींनी मला बघून ओठांवर बोट ठेवलं.

तांबडी बसली होती. समोरचा पेंढा थोडा कमी झालेला. तिच्या मानेखालून एक गोळा वर सरकला, तोंडात आला, आणि तिचा खालचा जबडा बाजूला गेला. मग परत. डोळे अर्धे मिटलेले. मी वाकून डाव्या बाजूला स्टेथोस्कोप लावला. दूरवर, अगदी दूरवर, गाज.

"चालू झालं," मी म्हणाले.  मग मी पिशवीत काहीतरी शोधायचं निमित्त करून पाठ फिरवली, कारण ढोरांच्या डॉक्टरने गोठ्यात रडलेलं चांगलं दिसत नाही.

फोन वाजला. या वेळी मुलाने व्हिडिओ लावला होता. काकीने फोन उचलला आणि स्वतःच्या तोंडासमोर न धरता तांबडीच्या जबड्यासमोर धरला.

"आई? आई, तू दिसत नायस. नुसती गाय दिसते."

काकीने फोन तसाच धरून ठेवला. पडद्यावर तांबडी चघळत होती, सावकाश, आपल्याच नादात.  

बऱ्याच वेळाने त्याचा आवाज आला. इतक्या फोनांत त्याने हे कधी विचारलं नव्हतं.

"आई, आता तिला खायाला काय देतेस?"

"पेंढा," काकी म्हणाली. "नुसता पेंढा."